उद्याने पुरेशी आहेत का? मोजणी फाटकापासून करा

मा. संपादक,
स. न.

शहर वाढू लागले की उद्याने पुरेशी आहेत का, हा प्रश्न विकास आराखड्याच्या निमित्ताने निघतोच. त्याला उत्तरही ठरलेले असते: माणशी इतके चौरस मीटर. एकूण हिरवे क्षेत्र भागिले लोकसंख्या. आकडा ९ च्या वर गेला की विषय मिटतो, खाली राहिला की वृक्षारोपणाची घोषणा होते. या भागाकारातून नागरिकाला उपयोगी पडेल असे जवळजवळ काहीच हाती लागत नाही. उद्यानांचा पुरेसेपणा घराच्या दारापासून उद्यानाच्या फाटकापर्यंत चालत मोजावा लागतो, आणि आराखड्याची मुदत संपेल तेव्हाची लोकसंख्या धरून मोजावा लागतो, असे आमचे म्हणणे आहे. ही मोजणी कशी करायची आणि ती कुठे फसते, ते सविस्तर मांडत आहोत.

आधी भागाकाराचा अंश. ‘हिरवे क्षेत्र’ या यादीत काय काय शिरते ते पाहा: दुभाजक, वाहतूक बेटे, रोपवाटिका, गोल्फचे मैदान, फक्त सभासदांसाठीचे जिमखाने, कुलूपबंद शाळांची पटांगणे, तलावाचे पाणी, नदीचे पात्र, गृहसंकुलांच्या भिंतीआडची मोकळी जागा, आणि नकाशावर हिरवा रंग भरलेले पण अजून ताब्यातच न आलेले भूखंड. यातल्या बऱ्याच जागा शहराला हव्याच असतात. दुभाजकावरचे झाड सावली देते, नदीचे पात्र पुराचे पाणी सामावून घेते. पण तिथे मूल खेळू शकत नाही आणि म्हातारे माणूस बसू शकत नाही. म्हणून यादी तीन रकान्यांत फोडावी. पहिल्यात ताब्यात असलेल्या आणि शुल्क किंवा सभासदत्व न मागता सर्वांना खुल्या असलेल्या जागा. दुसऱ्यात ताब्यात आहेत पण बंद, अतिक्रमित किंवा वापरण्यासारख्या नाहीत अशा. तिसऱ्यात केवळ कागदावरच्या. पुरेसेपणाचा हिशेब पहिल्या रकान्यावरच करायचा. दुसरा आणि तिसरा म्हणजे पुढच्या कामाची यादी.

पहिल्या रकान्यातही भूखंडाचे क्षेत्र आणि वापरण्याजोगे क्षेत्र यांत फरक पडतो. समजा १ हेक्टरचे, म्हणजे १०,००० चौ. मी. चे उद्यान आहे. त्यात पाण्याच्या टाकीला ९०० चौ. मी. गेले, रोपवाटिका आणि माळ्यांच्या खोल्यांना ६००, सभागृह आणि त्याच्या वाहनतळाला १,२००. उरले ७,३००. नोंदवहीत मात्र १ हेक्टरच राहते. अशी कात्री बहुतेक जुन्या उद्यानांना लागलेली असते, कारण सार्वजनिक बांधकामासाठी सर्वांत सहज मिळणारी मोकळी जमीन म्हणजे उद्यानच. त्यामुळे प्रत्यक्ष जागेवर जाऊन पुन्हा मोजणी केल्याशिवाय कोणतेही क्षेत्रफळ स्वीकारू नये.

उपग्रहचित्रावरून हिरवाई मोजण्याची पद्धत आता सोपी झाली आहे, आणि झाडांच्या छत्राचा, म्हणजे पानांच्या पसाऱ्याने झाकलेल्या जमिनीचा, अंदाज घ्यायला ती चांगलीच आहे. पण चित्राला मालकी कळत नाही. खासगी बंगल्यांची झाडे आणि सार्वजनिक बाग त्यात सारखीच दिसतात. चित्र पावसाळा सरतानाचे असेल तर गवत माजलेला पडीक भूखंडही भरगच्च हिरवा येतो. झाडांचे छत्र आणि सार्वजनिक उद्यान हे दोन वेगळे प्रश्न आहेत. नेदरलँड्सचे वनतज्ज्ञ सेसिल कोनाइनेंडाइक यांनी मांडलेला ३-३०-३०० हा नियम ते नेमके वेगळे ठेवतो: प्रत्येक घरातून निदान ३ झाडे दिसावीत, प्रत्येक वस्तीत ३० टक्के छत्र असावे आणि प्रत्येक घरापासून ३०० मीटरच्या आत उद्यान असावे. एकाची भरपाई दुसऱ्याने होत नाही.

आता छेद. जुन्या जनगणनेची लोकसंख्या धरली की वाढत्या शहराचा आकडा आपोआप चांगला दिसतो. लोकसंख्या वर्षाला ३ टक्क्यांनी वाढत असेल तर २० वर्षांत ती सुमारे १.८ पट होते. उद्यानाची एक गुंठाही भर पडली नाही तर आजचे माणशी ९ चौ. मी. तेव्हा ५ वर आलेले असतात. हद्दवाढीने उलटा भ्रम होतो. शेजारची टेकडी किंवा वनजमीन हद्दीत आली की एका रात्रीत सरासरी उंचावते, आणि मध्यवस्तीतल्या कोणालाही एक पाऊलभर जास्त जागा मिळालेली नसते. समजा १० लाखांच्या शहरात ९०० हेक्टर हिरवे क्षेत्र आहे, म्हणजे माणशी ९ चौ. मी. त्यातली ६०० हेक्टरची टेकडी एका टोकाला आणि १०० हेक्टर तलावाचे पाणी असेल, तर उरलेल्या शहराला माणशी २ चौ. मी. मिळतात. दोन्ही आकडे खरे आहेत; निर्णय घ्यायला दुसरा उपयोगी.

मानकांकडेही जरा नीट पाहायला हवे. माणशी ९ चौ. मी. हा आकडा जागतिक आरोग्य संघटनेच्या नावावर सर्रास सांगितला जातो. त्याच संघटनेच्या युरोप विभागाने दिलेला ठोकताळा मात्र अंतराचा आहे: घरापासून ३०० मीटरच्या आत, म्हणजे सुमारे पाच मिनिटांच्या चालीवर, निदान ०.५ ते १ हेक्टरची सार्वजनिक हिरवी जागा असावी. केंद्र सरकारच्या २०१४ च्या नगर नियोजन मार्गदर्शक सूचनांत माणशी १० ते १२ चौ. मी. मोकळी जागा सुचवली आहे. ब्रिटनमध्ये खेळाच्या मैदानांसह दर हजार लोकांमागे ६ एकर असे जुने मानक आहे, म्हणजे माणशी सुमारे २४ चौ. मी. हे शेवटचे मानक दाट वस्तीला लावून पाहा. हेक्टरी ५०० लोक राहतात तिथे एका हेक्टरमागे १२,००० चौ. मी. उद्यान लागेल, म्हणजे राहत्या जमिनीपेक्षाही जास्त. माणशी ९ चौ. मी. धरले तरी प्रत्येक हेक्टरमागे ४,५०० चौ. मी. हवेत. दाट वस्तीत हे जमणारे नाही, हे सरळ मान्य करावे. मग तिथे काय जमेल ते ठरवता येते: चालत गाठता येईल अशी लहान जागा सर्वांना, आणि मोठे उद्यान बसने थोड्या वेळात. एकच आकडा सगळ्या शहराला लावला की दाट वस्तीचे प्रशासन तो गाठण्याचा प्रयत्नच सोडते आणि विरळ वस्तीतले काहीही न करता उत्तीर्ण होते.

मोजणीचा खरा गाभा अंतरात आहे, आणि चुकाही इथेच सर्वांत जास्त होतात. नेहमीची पद्धत अशी: नकाशावर उद्यानाच्या मध्यबिंदूवर ४०० मीटर त्रिज्येचे वर्तुळ काढायचे आणि आतली सगळी घरे ‘सेवेत’ धरायची. अशा वर्तुळात सुमारे ५० हेक्टर जमीन येते. पण माणूस रस्त्याने चालतो. रस्ते अगदी काटकोनात, विनाअडथळा असतील तरी एका फाटकापासून ४०० मीटर चालून गाठता येणारे क्षेत्र ३२ हेक्टरच भरते. म्हणजे आदर्श रस्त्यांवरसुद्धा वर्तुळ एक तृतीयांशाहून अधिक जमीन फुकट मोजते. मध्ये रेल्वेमार्ग, नाला, द्रुतगती रस्ता किंवा गृहसंकुलाची लांबच लांब भिंत आली की आकडा आणखी घसरतो.

दुसरी चूक मध्यबिंदूची. अंतर फाटकापासून मोजायला हवे, आणि तेही रोज उघडणाऱ्या फाटकापासून. ३०० मीटर लांब आणि तितक्याच रुंद उद्यानाला एकाच बाजूच्या मधोमध फाटक असेल, तर मागच्या भिंतीला लागून राहणाऱ्याला अर्धा फेरा मारून ६०० मीटर चालावे लागते. त्याच्या खिडकीतून उद्यान दिसते आणि तरीही तो ४०० मीटरच्या बाहेर असतो. मागच्या भिंतीत एक फाटक पाडले की जमीन न घेता काही हजार लोक सेवेत येऊ शकतात. पुरेसेपणा वाढवण्याचा याहून स्वस्त उपाय आमच्या माहितीत नाही, आणि मध्यबिंदूवरून मोजणाऱ्या नकाशात तो कधी दिसतच नाही.

प्रत्यक्ष काम असे करावे. क्यूजीआयएस हे मोफत सॉफ्टवेअर आणि ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशातले रस्ते घेऊन सुरुवात करता येते. प्रत्येक फाटकाचे अक्षांश-रेखांश जागेवर जाऊन टिपायचे. सोबत ते कधी उघडते, कधी बंद होते, हेही लिहायचे. रस्त्यांच्या जाळ्यात पायवाटा आणि बोळ भरायचे, कारण तयार नकाशात ते अनेकदा नसतात. आणि जिथून पायी जाता येत नाही ते उड्डाणपूल आणि द्रुतगती मार्ग वगळायचे. मग प्रत्येक फाटकापासून रस्त्याने ४०० मीटर आणि ८०० मीटरची क्षेत्रे काढायची. धडधाकट माणूस मिनिटाला सुमारे ८० मीटर चालतो, म्हणजे ही पाच आणि दहा मिनिटे झाली. नातवाचा हात धरून निघालेली आजी मिनिटाला ५० मीटर धरली तर तेच ४०० मीटर आठ मिनिटांचे होतात. मोठा रस्ता ओलांडताना सिग्नलला दीड मिनिट थांबावे लागत असेल, तर तिथे १२० मीटरची भर घालावी. सिग्नलच नसेल तर तो रस्ता मुलांसाठी भिंतच समजावा आणि लहान मुलांचा हिशेब वेगळा काढावा.

या क्षेत्रांवर लोकसंख्या बसवताना प्रभागाची सरासरी वापरू नये. प्रभागाच्या एका कोपऱ्यात उंच इमारती उभ्या असतात आणि दुसऱ्यात गोदामे. इमारतीचा पाया, मजले आणि सदनिका यांवरून, मालमत्ता कर आणि नळजोडण्यांच्या नोंदी ताडून, इमारतनिहाय अंदाज करावा. इथे एक धोका मोठा आहे. कराच्या नोंदीत नसलेल्या वस्त्या या पद्धतीत गायब होतात, आणि घरात जागा कमी असल्यामुळे बाहेरच्या जागेची गरज सर्वांत जास्त त्यांनाच असते. त्यांची मोजणी छपरांवरून आणि प्रत्यक्ष पाहणीतूनच करावी लागते. हे टाळले की सगळा अभ्यास नेमक्या गरजू माणसांना वगळून पूर्ण होतो.

अंतर बसले म्हणजे जागा पुरली, असेही नाही. अर्धा हेक्टरच्या बागेच्या टप्प्यात २०,००० लोक राहत असतील तर माणशी पाव चौरस मीटर येतो. संध्याकाळी त्यातले ३ टक्के एकदम आले तरी ६०० माणसे झाली. वाफे आणि कुंपण वजा जाता ३,००० चौ. मी. उरले तर एकेकाला ५ चौ. मी. त्यात चेंडू खेळणे संपलेच. यासाठी दोन पायऱ्यांचा हिशेब उपयोगी पडतो. आधी प्रत्येक उद्यानाचे वापरण्याजोगे क्षेत्र त्याच्या टप्प्यातल्या लोकसंख्येने भागायचे. मग प्रत्येक घरासाठी, त्या घराच्या टप्प्यात येणाऱ्या सगळ्या उद्यानांचे हे भागाकार बेरजेत घ्यायचे. १०,००० चौ. मी. च्या उद्यानाच्या टप्प्यात २०,००० लोक असतील तर भागाकार ०.५; ३०,००० चौ. मी. च्या उद्यानाच्या टप्प्यात १५,००० असतील तर २. दोन्ही चालत गाठता येतील त्या घराला २.५ चौ. मी., फक्त पहिले गाठता येईल त्याला ०.५. अशी घरे चढत्या क्रमाने लावून सर्वांत खालच्या पाचव्या हिश्शाला काय मिळते ते जाहीर करावे. शहराची सरासरी नाही सांगितली तरी चालेल.

आकाराचा मुद्दा आमच्या मते सर्वांत दुर्लक्षित आहे. लहान भूखंडाला कडा फार खाते. १,००० चौ. मी. म्हणजे साधारण ३२ मीटर बाजूचा चौरस. त्याच्या कडेने २ मीटर रुंद चालण्याची वाट केली की जवळजवळ २४० चौ. मी. गेले, म्हणजे चौथा हिस्सा. तीच वाट १ हेक्टरच्या चौरसात ८ टक्केही घेत नाही. म्हणून १,००० चौ. मी. च्या दहा बागा मिळून १ हेक्टरचे उद्यान होत नाही. पूर्ण आकाराचे फुटबॉलचे मैदान १०५ बाय ६८ मीटर, म्हणजे ७,१४० चौ. मी., आणि भोवतीची मोकळी पट्टी धरून त्याहून जास्त. क्रिकेटला ६५ मीटरची सीमारेषा धरली तर १.३ हेक्टरहून अधिक लागते. तुकड्या-तुकड्यांनी क्षेत्रफळ भरून काढणाऱ्या शहरात आकडा पूर्ण होतो आणि मुले रस्त्यावर खेळतात. इंग्लंडमधील ‘नॅचरल इंग्लंड’ या सरकारी संस्थेने म्हणूनच आकार आणि अंतर यांची जोडी घातली: ३०० मीटरच्या आत २ हेक्टरची जागा, २ किलोमीटरच्या आत २० हेक्टरची, ५ किलोमीटरच्या आत १०० हेक्टरची. हे आकडे जसेच्या तसे घ्यावेत असे नाही, पण अशी उतरंड प्रत्येक आराखड्यात हवी.

दर्जाबद्दल थोडक्यात. स्वच्छतागृह, पिण्याचे पाणी, सावलीतली बाके, दिवे आणि उघडण्याच्या वेळा या पाच गोष्टी जागेवर पाहून ‘आहे, चालू आहे’ किंवा ‘नाही’ अशा नोंदवाव्यात. सगळ्यांचा मिळून एक निर्देशांक करू नये. त्यात बंद स्वच्छतागृह सुंदर कारंज्याच्या गुणांखाली लपते. दुचाक्या आत येऊ नयेत म्हणून फाटकावर बसवलेल्या आडव्या नळ्यांकडे मुद्दाम पाहावे. चाकाच्या खुर्चीला ९० सेंमी मोकळी वाट आणि १ : १२ हून तीव्र नसलेला उतार लागतो. ती वाट नसेल तर ते उद्यान त्या माणसापुरते ० चौ. मी. आहे. आणि वापर मोजायचाच असेल तर आठवड्याच्या कामाच्या आणि सुटीच्या दिवशी, दिवसातून चार वेळा फेरी मारून स्त्री-पुरुष, वय आणि ते काय करत आहेत एवढे टिपावे. सकाळी पुरुषच, संध्याकाळनंतर स्त्रिया नाहीत, असे दिसले तर पहिल्यांदा दिवे आणि स्वच्छतागृह तपासावे.

वाढत्या शहराचा खरा पेच पुढे आहे. नव्या अभिन्यासात, म्हणजे भूखंड पाडून वस्ती आखताना, जमिनीचा ठरावीक टक्का मोकळा सोडण्याचा नियम असतो. १० टक्के धरू. हेक्टरी १०० लोकसंख्येला हा नियम माणशी १० चौ. मी. देतो. त्याच जमिनीवर चटई क्षेत्र, म्हणजे भूखंडावर बांधू दिलेले एकूण क्षेत्रफळ, वाढवून हेक्टरी ४०० लोक आणले की तोच नियम २.५ देतो. मजले वाढतात, लोक चौपट होतात, बाग तेवढीच राहते, आणि तरीही कागदावर नियम तंतोतंत पाळलेला असतो. म्हणून मोकळ्या जागेचे बंधन जमिनीच्या टक्क्याशी न बांधता वाढणाऱ्या रहिवाशांच्या संख्येशी बांधायला हवे, आणि पुनर्विकासालाही ते लागू हवे. सोडलेली जागा कुठे आहे, हेही मंजुरीच्या वेळीच तपासावे. उच्चदाब वाहिनीखालची पट्टी, नाल्याचा काठ, त्रिकोणी उरलेला कोपरा, संकुलाच्या आतली फक्त रहिवाशांना दिसणारी हिरवळ, यांनी टक्का भरतो. संयुक्त राष्ट्रांच्या अधिवास कार्यक्रमाने रस्ते सोडून शहरी जमिनीच्या १५ ते २० टक्के जागा सार्वजनिक मोकळ्या जागांसाठी असावी असे सुचवले आहे. ही जमीन वस्ती बसण्याआधीच राखता येते. वस्ती बसल्यावर भाव चढतात, उद्यानासाठी ठेवलेल्या आरक्षणांच्या मुदती संपतात आणि तिसऱ्या रकान्यातले भूखंड एकेक करून नकाशावरून पुसले जातात.

आराखड्यावर हरकती मागवण्याच्या निदान ३० दिवस आधी पालिकेने चार गोष्टी जाहीर कराव्यात, अशी आमची मागणी आहे. प्रत्येक उद्यानाचे मोजलेले वापरण्याजोगे क्षेत्र. प्रत्येक फाटकाचे स्थान आणि वेळा, संगणकावर उघडता येईल अशा फाइलमध्ये. फाटकापासून ४०० मीटरच्या बाहेर राहणाऱ्यांची प्रभागनिहाय संख्या, आजची आणि आराखड्याच्या शेवटच्या वर्षाची. आणि ताब्यात न आलेल्या प्रत्येक आरक्षित भूखंडाची मुदत व त्यासाठी अंदाजपत्रकात ठेवलेली रक्कम. तोवर जमीन न घेता होणारी कामे सुरू करता येतील. मागची फाटके पाडावीत, दुपारची कुलुपे काढावीत, आणि पालिकेच्या शाळांची पटांगणे शाळा सुटल्यावर व सुटीच्या दिवशी वस्तीला उघडावीत. हे शेवटचे काम बहुतेक वेळा एका क्षुल्लक कारणाने बंद पडते: किल्ली कोणाकडे, झाडलोट कोण करणार आणि काही मोडले तर खर्च कोणाचा, हे लिहून ठेवलेले नसते, आणि महिन्याभरात मुख्याध्यापक पुन्हा कुलूप लावतात. करारात किल्लीसाठी नेमलेला माणूस, पहाटेच्या झाडलोटीची वेळ, बाहेरून उघडणारे स्वच्छतागृह आणि दुरुस्तीचा स्वतंत्र लेखाशीर्ष या चार बाबी आधी लिहाव्यात, मग पटांगण उघडावे.

— नगररचना आणि उद्यान नियोजनाच्या कामातील काही वाचक